बोटांतून निघालेली कावीळ

सन शहात्तरच्या उन्हाळ्यात सांगोल्याजवळच्या एका वाडीत महिपतीबाबानं कावीळ धुवायला सुरुवात केली आणि चार गावांची माणसं लोटली. रोग्याच्या हातांना तो 'तीर्थ' चोळायचा. मग परातीवर हात धरायला लावून तांब्यातलं निवळ पाणी ओतायचा. परातीत पडलेलं पाणी हळदीसारखं पिवळंधमक!

"बगा! काळजातली कावीळ बोटांतनं निगाली! डाक्टरच्या सुईला जमतंय का?"

रांगेत सोजरबाई उभी होती. दहा दिवसांमागं तिच्या लेकीचे, शालनचे हात त्यानं असेच धुतले होते. तिसऱ्या खेपेला पाणी फिकं आलं. "उतरली," बाबा म्हणाला. त्याच दुपारी पोरगी बरळू लागली, मग उठवून उठेना. "झोपू द्या, वीख जातंय." दुसऱ्या दिवशी ती गेली. तेव्हापासून सोजरबाई भाकरी थापत होती, पाणी भरत होती. रडली मात्र नव्हती.

काल गावच्या दवाखान्यातल्या नर्स अनसूयाबाई तिच्याकडं आल्या होत्या. "तुम्हाला कावीळ नाही. उद्या तुमचे हात त्याच्यापुढं धरा, मी तिथंच असते," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

बाबानं तीर्थ चोळलेले हात तिनं परातीवर धरले. पाणी पिवळं झालं.

"लई मुरलीया!" बाबा म्हणाला.

"मला कावीळ न्हाय."

"आत हाय. दिसत न्हाय."

"मग तुमालाबी आसंल," ती म्हणाली आणि तांब्या उचलून तिनं तीर्थानं माखलेल्या त्याच्याच हातांवर ओतला. बाबाच्या बोटांवरून पिवळे थेंब गळू लागले.

अनसूयाबाई पुढं आल्या. "ह्याचं तीर्थ म्हणजे आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस. तांब्यात चुन्याची निवळी. दोन्ही भेटली की पाणी पिवळं होतं, हात कुणाचेही असोत. पुढच्या खेपांना तो रस कमी लावतो, म्हणून पाणी फिकं येतं. बरीच कावीळ विश्रांतीनं आपोआप उतरते, त्याचं श्रेय ह्याला मिळतं. जी उतरत नाही, ती जीव घेते."

रांगेत रंभाबाईची सून सगुणा बसली होती. आठवा महिना, डोळे पिवळे, मान कलंडलेली.

"मग जायचं कुटं, बाई?" रंभाबाई म्हणाली. "आपल्या दवाखान्यात सात म्हैनं डाक्टरच न्हाय."

 अनसूयाबाईंनी सगुणाला उठवलं आणि दुपारच्या एस.टी.नं सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. महिन्याभरानं सगुणा परतली, कुशीत मुलगी घेऊन. तोवर बाबा गाव सोडून गेला होता.

पुढं दवाखान्याला डॉक्टर मिळावा म्हणून गावाचा अर्ज निघाला. अंगठा उठवताना सोजरबाईनं विचारलं, "शालन सोलापुरातल्या सायबाची लेक आसती, तर वाचली आसती का वो?"

"बहुतेक," अनसूयाबाई म्हणाल्या.

सोजरबाईनं मान हलवली, बोटाची शाई पुसली आणि घागर घेऊन पाण्याला गेली.

चमत्कार दिसला की आधी तो धडधाकट माणसावर करून बघावा. आणि बाबा दारात येतो, डॉक्टर येत नाही, ही काही देवाची इच्छा नव्हे. ती माणसांची व्यवस्था आहे. माणसांनी विचारलं, तर ती बदलते.