लाल टिक्याची भांडी

बोंडअळीने कापूस खाल्ला त्या साली उमरखेडात भंगाराचा धंदा तेवढा जोरात होता. दिवाळीच्या तोंडावर रहेमानची हातगाडी गल्लीत शिरली, की बायका पोचे पडलेली भांडी घेऊन बाहेर येत. विजयमालाबाईंची तर पद्धतच ठरलेली. गळकं, वाकलेलं भांडं दिसलं, की मुलीच्या जुन्या नेलपॉलिशचा लाल टिका त्याच्या बुडाला लावायचा. टिका लागला की ते भंगारात. रहेमानलाही त्यांनी सांगून ठेवलं होतं, "मी घरी नसली तरी लाल टिका दिसला का उचलून न्या. यायले विचारू नका, यायले काही समजत नाही."

'हे' म्हणजे घनश्यामराव. वाचनालयातली नोकरी संपली, तरी त्यांचा आवाज वाचनालयातलाच राहिला होता. काही बोलायचं झालं, तर आधी मनात दोनदा खोडून पाहायचे. मग बहुतेक वेळा बोलायचेच नाहीत.

पावसाळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी त्यांचं रक्त तपासलं, त्यात 'ब' काविळीचा विषाणू निघाला. डॉक्टरांनी धीर दिला. यकृत ठीक आहे, अधूनमधून तपासत राहा, दाढीचं पातं आणि दातांचा ब्रश तेवढा वेगळा ठेवा. एका ताटात जेवल्याने हा रोग लागत नाही. विजयमालाबाईंचं रक्त साफ निघालं, त्यांनी लसही घेतली. पण लस दंडात गेली, मनात काही गेली नाही. दुसऱ्या दिवशी घनश्यामरावांचं ताट, वाटी आणि पेला वेगळ्या फळीवर गेले.

ताटाचं त्यांना फार वाटलं नाही. वाटलं ते बशीचं. लग्न झाल्यापासून दोघांचा संध्याकाळचा चहा एकच. कप बाईंचा, बशी यांची. आता चहा पेल्यात येई, आणि बाई आपला कप घेऊन उंबऱ्यापाशी बसत. एकदा आपला पेला विसळताना घनश्यामरावांनी तो उलटा केला, तर बुडाला लाल टिका. भोक पडलेल्या गाळणीवर होता, अगदी तसाच.

मुलगी निशिगंधा पुण्यात यकृताच्या विषाणूंवरच संशोधन करत होती. त्या रविवारी तिचा फोन आला, तेव्हा घनश्यामरावांनी भीत भीत विचारलं, "हा विषाणू माणसाच्या आत नेमकं काय करते गं?"

"बाबा, पेशी म्हणजेही एक घरच असते असं समजा," ती म्हणाली. "जुनी, वाकडी झालेली प्रथिनं ती ठेवत नाही. त्यांच्यावर एक खूण चिकटवते. खूण लागलेलं प्रथिन मोडायच्या यंत्रात जाते, त्याचे तुकडे होतात, अन् त्याच तुकड्यांचं नवीन बनते."

"म्हणजे तुह्या आईचा लाल टिका अन् रहेमानची गाडी."

निशिगंधा हसली. "तसंच. आता विषाणूचा डाव पाहा. पेशीत काही पहारेकरी प्रथिनं असतात, ते याले तोंड वर काढू देत नाहीत. हा त्यांच्याशी भांडत नाही. खूण लावणाऱ्यालेच हाताशी धरते, अन् चांगल्या धडधाकट पहारेकऱ्यांवर खूण लावून घेते. पेशी बिचारी नुसती खूण पाहते. आपलेच पहारेकरी आपल्याच हातानं मोडीत काढते."

घनश्यामरावांना विषाणूचं कौतुक वाटलं, आणि कौतुक वाटल्याची लाजही वाटली. पण खूण लावायची ती कल्पना डोक्यातून जाईना.

मंगळवारी दुपारी विजयमालाबाई बचत गटाच्या बैठकीला गेल्या. अंगणात घासलेली सगळी भांडी उन्हात पालथी घातलेली होती. घनश्यामरावांनी नेलपॉलिशची बाटली शोधली, आणि एकेका भांड्याच्या बुडाला टिका लावत सुटले. पेले, ताटं, पातेली, कुकर, बाईंच्या माहेरचा पितळी गडवासुद्धा. त्यात आपला पेलाही नेऊन मिसळला. सगळीकडेच टिका असला, तर माझा पेला कोणता हे कोण सांगणार? आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला काही सुचलं, अशा खुशीत ते आत जाऊन आडवे झाले.

मुलीच्या बोलण्यातला अर्धाच भाग त्यांनी ध्यानात ठेवला होता.

भांड्यांच्या खणखणाटाने ते उठून बाहेर आले, तो रहेमान कुकर पोत्यात टाकत होता.

"रहेमानभाई, हे... म्हणजे असं आहे..."

"भाऊ, तुम्ही टेन्शन नका घेऊ. भाभीचा हिशोब बराबर राहते," रहेमान म्हणाला. "या साली भाभीनं घरच मोडीत काढलं, असं दिसते."

"तसं नाही. टिका आहे, पण तो टिका..."

"लाल आहे ना? मंग झालं."

गडवाही पोत्यात गेला. घनश्यामराव पुढचं वाक्य मनात जुळवत होते, तेवढ्यात फाटकातून विजयमालाबाई आल्या.

"अवो रहेमानभाई! माह्या माहेरचा गडवा कायले नेता?"

"टिका तुमचाच आहे, भाभी. मी तर टिका पाहतो, भांडं नाही पाहत."

बाईंनी एक पेला उलटा केला, मग ताट, मग पातेलं. नेलपॉलिश अजून चिकट होतं. त्यांनी नवऱ्याच्या बोटांकडे पाहिलं. बोटं लाल होती.

"अजी, हे काहून केलं?"

घनश्यामरावांनी आज मनात काही खोडलं नाही. "मले बशीत चहा पाहिजे होता," ते म्हणाले.

रहेमानने गुपचूप पोतं पालथं केलं, आणि भोक पडलेली गाळणी तेवढी घेऊन गाडी पुढे ढकलली. गल्लीच्या टोकापर्यंत त्याचं हसू ऐकू येत होतं.

विजयमालाबाई पदर खोचून तारेची घासणी घेऊन बसल्या. घनश्यामरावही शेजारी बसले. त्या घासायच्या, हे धुवायचे. "साठीत पोहोचला माणूस, अन् करणी पाहा," असं पुटपुटता पुटपुटता बाईंनाच हसू फुटलं. ऊन कललं, तेव्हा सगळी भांडी सारखीच चकचकीत झाली होती.

"आता यातला तुमचा पेला कोणता?" त्यांनी विचारलं.

घनश्यामरावांनी एकेक पेला उलटा करून पाहिला. "वळखू येत नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले.

बाई उठल्या. आतून चहातल्या आल्याचा वास आला. बाहेर आल्या, तेव्हा हातात एकच कप होता. त्यांनी त्यातला अर्धा चहा बशीत ओतला, आणि बशी त्यांच्याकडे सरकवली.

"फुंकून प्या. मंग म्हणसान जीभ पोळली."