कमकुवत बाजू

शेजारच्या गोठ्यात सकाळपासून मुलाखत चालली होती. सून शेण भरत होती आणि सासू उलट्या बादलीवर साहेब होऊन बसली होती.

गावच्या डेअरीत दूध तपासून घ्यायला माणूस हवं होतं. सुनेला ती जागा काहीही करून हवी होती. लोकांच्या रानात खुरपून खुरपून पोरीची कंबर गेली होती, आणि ही जागा हुकली तर पुन्हा तेच खुरपं हातात. शाळेच्या मास्तरांनी तिला प्रश्न आणि उत्तरं सांगून ठेवली होती. मी धुणं वाळत घालत होते, पण कान काही दोरीवर टाकले नव्हते.

"हां, सांगा," सासू घसा खाकरून म्हणाली, "तुमची कमकुवत बाजू कोणती?"

"मी कामात इतकी बुडते, की जेवायचंही भान राहत नाही."

सासू साहेबपण विसरली. "खोटं कशाला बोलतेस गं? काल माझ्याआधी ताट घेऊन बसलीस. आणि बाजू विचारलीय ना? मग डावी सांग. डावा खांदा रोज माझ्याकडून चोळून घेतेस."

"अहो आत्याबाई, बाजू म्हणजे दोष."

"असं होय? मग आधी नाही का बोलायचं? तोंडाळ आहेस. कुणाची खोट दिसली की पोटात राहत नाही तुझ्या. सख्ख्या माणसालाही चारचौघांत उघडं पाडतेस. अजून सांगू?"

"पुरे," म्हणून सून पाटी उचलून उकिरड्याकडे गेली. मला तिची दयाच आली.

मुलाखतीत चेअरमननी नेमकं तेच विचारलं. मास्तरांचं उत्तर ऐन वेळी कुठं पळालं कोण जाणे, सासूचं तेवढं तोंडात आलं. तोंडाळ आहे म्हणाली, खोट दिसली की सख्ख्यालाही सोडत नाही म्हणाली. डेअरीत पाणी घातलेलं दूध यायला लागल्यापासून चेअरमन असंच माणूस शोधत होते. त्यांनी तिला तिथंच कामावर घेतलं.

"सगळी उत्तरं मीच बसवून घेतली," सासूनं गावभर सांगितलं.

आता त्या घरची पाण्याची कळशी डेअरीत दूध घालायच्या आधी कुठं रिकामी होते, हे आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक होतं. पण आपण कशाला बोला?

पहिल्या सकाळी रांगेत सगळ्यांच्या पुढं सासूचीच किटली. सुनेनं दूध तपासायची काचेची नळी आत सोडली. नळी खाली गेली ती जातच राहिली.

"पाणी आहे," सून म्हणाली.

"अगं, घरचं दूध आहे."

"दूध घरचं आहे आत्याबाई, आणि पाणीही घरचंच आहे. परत न्या."

रांगेतले आम्ही सगळे माना उंच करून बघायला लागलो. आपलेच दात अन् आपलेच ओठ, म्हातारी सांगणार कुणाला? पण तीही पक्की. किटली उचलून आमच्याकडे वळली आणि म्हणाली, "बघता काय? मीच शिकवलंय तिला."

मान ताठ ठेवून घरी गेली. संध्याकाळी सुनेनं डावा खांदा मात्र आपला आपणच चोळला.