हिरवं बटण

पूनमने जॉब रद्द करण्याची ओळ चालवली, तोवर तीनशे चाळीसपैकी एका पेटीने हुकूम उचललेला होता. ती पेटी जसोंडीच्या आशाबाईंची होती.

राज्याच्या सीमेवरच्या शाहपुरात खतांच्या दुकानावरच्या खोलीत बसून पूनम पुण्याच्या एका कंपनीचं काम करी. तापीकाठच्या केळीबागांत कंपनीच्या पेट्या बसवल्या होत्या. मोटर आणि ठिबकचे व्हॉल्व्ह त्या चालू-बंद करत. पेट्यांना काही नवं शिकवायचं तर बांधावर जावं लागत नसे. क्लाउडच्या तयार लायब्ररीतून चार ओळी लिहिल्या की जॉब तयार होई, आणि जी पेटी नेटवर्कमध्ये येईल ती तो उचलून पार पाडी. तीन वर्षं हे सगळे जॉब पूनमनेच पाठवले होते. हा पाठवायला तिने नकार दिला, म्हणून पुण्याच्या ऑफिसातल्या रोहितने पाठवला.

या जॉबने पेटीवरचं हिरवं बटण कायमचं मुकं होणार होतं. पुढे पाणी सोडायचं ते फक्त फोनवरून. लोक मधेच हाताने मोटर लावतात आणि कंपनीचे आकडे बिघडतात, असं पुण्यातल्या तिच्या वरिष्ठांचं, निरंजन सरांचं, म्हणणं होतं. मे महिन्यात दुपारी इथलं नेटवर्क तासन्‌तास जातं आणि निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या, केळीला या उन्हात पाण्याचा एक दिवसही चुकवून चालत नाही, हे पूनमने त्यांना दोनदा लिहून कळवलं होतं. चार गावांच्या अडचणी धरून बसलं तर धंदा चालत नाही, असं उत्तर आलं होतं.

फोन लगेच वाजला.

"जॉब तू थांबवलास?"

"हो सर. मीच."

"कोणाला विचारून?"

"जे रोज ते बटण दाबतात, त्यांना तुम्ही विचारलं होतं का?"

निरंजन सरांचा आवाज चढला नाही. रोहित उद्या सकाळी दहाला जॉब पुन्हा पाठवील आणि तोवर तिने फक्त बसून राहावं, एवढंच त्यांनी सांगितलं. बोलणं संपायच्या आत तिचं लॉगिन बंद झालं होतं.

असं काम शाहपुरात दुसरं मिळणार नव्हतं. पूनमने फोनवर 'सॉरी सर' असं टाईप केलं, थोडा वेळ त्याकडे पाहिलं आणि एकेक अक्षर खोडलं. मग लॅपटॉप आणि केबल पिशवीत टाकून तिने स्कूटी काढली.

आशाबाई बांधावर पेटीपुढेच उभ्या होत्या. साठीच्या बाई, दोन एकर बाग एकट्या पाहणाऱ्या. त्यांचा फोन साधा. पाण्याचं ॲप होतं ते इंदूरला कामाला असलेल्या पुतण्याच्या, चंदनच्या, फोनवर.

"अवं पोरी, दाबू दाबू अंगठा दुखाले लागला. मोटर उठत नाही."

पूनमने झाकण उघडून केबल लावली आणि पेटीत जुना प्रोग्राम परत चढवला. आशाबाईंनी बटण दाबलं. मोटर घरघरली, आणि खोडांशी तापून पडलेल्या नळ्या हळूहळू फुगल्या. पानं करपली होती, पण घड शाबूत होते.

मग पूनमने खरं ते सांगितलं. हुकूम उद्या पुन्हा येईल, आणि या वेळी तो थांबवणं तिच्या हातात नाही.

"हुकूम येते कुठून?"

पूनमने पेटीच्या माथ्यावरच्या बोटभर अँटेनावर हात ठेवला.

"आनं हे नसलं तं बटण चालते का?"

"चालतं."

"पेटी कोनाची हाय?"

"तुमचीच, मावशी."

आशाबाईंनी पदराला हात पुसले आणि बाटलीचं टोपण फिरवावं तशी अँटेना फिरवून काढली. ती पदराच्या टोकाला गाठीत बांधून त्या पाण्याकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला निरंजन सरांचा पुन्हा फोन आला. रोहितने जॉब सोडला होता, पण पेट्या तो उचलत नव्हत्या. निम्म्याहून जास्त पेट्या नेटवर्कमधून गेल्या होत्या. तिकडे टॉवर पडलाय का, असं ते विचारत होते.

पूनमने फोन कानापासून दूर धरून पाहिला. रेंज पूर्ण होती. काल ती फक्त एका बाईशी बोलली होती.

"टॉवर ठीक आहे सर."

"मग काय झालंय? तुझं लॉगिन चालू करतो, बघ जरा."

"लॉगिन नंतर. आधी बटण राहणार असं सगळ्यांना लेखी कळवा. मराठीत, आणि हिंदीतही. मग पेट्या दिसतील."

पलीकडे कोणीतरी की-बोर्ड बडवत होतं. रोहित असावा.

"किती गेल्यात, सर?"

"दोनशे सव्वीस," ते म्हणाले. मग जरा थांबून, हळू आवाजात, "दोनशे एकतीस."