सगळ्यांत शेवटी सुटलेली गाडी

त्युरा बुंगॉरला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. डेन्मार्कमधल्या एस्बियर्ग बंदराच्या गल्ल्यांतून ती बापाची दुधाची मोटार चालवायची, पण दारात कॅन उतरवतानाही इंजिन बंद करायची नाही. वय सत्तावीस. लग्नाचा विषय निघाला की उठून अंगणात जायची. १९२१च्या उन्हाळ्यात समोरच्या बेटावर, पुळणीवरच मोटारींची शर्यत होणार असं वर्तमानपत्रात आलं आणि तिचं जेवणावरून लक्षच उडालं.

धाकटा भाऊ येप्पे मोटारी दुरुस्त करायचा. दोघांनी मोडीतली एक गाडी उभी केली. अर्जावर तिनं नाव लिहिलं, ‘टी. बुंगॉर’.

शर्यतीच्या दिवशी शर्यत भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष फ्रीससाहेब यादी घेऊन आले. “हा टी. कोण?”

“मीच. त्युरा.”

साहेबांनी चष्मा काढला. “बाई, बायकांसाठी दुपारी फुलांनी सजवलेल्या गाड्यांची मिरवणूक आहे. तिथं या.”

“फुलं तुमच्या गाडीला लावा, साहेब. मी पळवायला आलेय.”

आजूबाजूचे हसले. साहेब लाल झाले, पण भरती चढायला लागली होती आणि वाद घालत बसायला वेळ नव्हता. प्रत्येक गाडीनं एकटीनं धावायचं, घड्याळ लावून.

“ठीक आहे,” ते म्हणाले, “पण सगळ्यांत शेवटी.”

शेवटी म्हणजे काय ते तिला कळत होतं. एकेक गाडी गेली तशी वाळू उकरली गेली, चाकोऱ्या खोल झाल्या. त्युरा पाण्याकडे जायची, परत यायची, पुन्हा जायची. येप्पे गाडीच्या पायरीवर बसून काळा पाव आणि खारवलेला मासा खात होता.

“अगं, बस की जरा. तुझ्या येरझाऱ्यांनी मलाच चक्कर येतेय.”

“शर्यतीची वाट आखायला रोवलेत ना, त्या खांबांपासून पाणी किती लांब आहे बघ.”

“म्हणून काय?”

“खांबांच्या समुद्राकडच्या बाजूनं जायचं, एवढाच नियम आहे. किती लांबून जायचं ते कुठं लिहिलंय?”

येप्पेचा घास तोंडातच राहिला. “त्युरा, तू वेडी आहेस.”

पण तो गाडीत बसला. पेट्रोलचा पंप हातानं मारायला दुसरं माणूस लागायचंच.

निशाण खाली आलं. तिनं गाडी सरळ लाटेच्या काठावर नेली. तिथली ओली वाळू फरशीसारखी घट्ट होती. खारं पाणी तोंडावर उडत होतं, येप्पे पंप मारता मारता शिव्या देत होता. परतीच्या वळणावर मागची चाकं घसरली, क्षणभर समोर नुसता समुद्र आला. तिनं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, गाडी सावरली, पुन्हा दाबला. शेवटची रेघ ओलांडून पन्नास पावलांवर इंजिन भिजून गप्प झालं.

कर्ण्यातून साहेबांचा आवाज आला, “दुसरा क्रमांक, बुंगॉर.” एका सेकंदानं पहिला नंबर हुकला होता. लोक धावत आले आणि येप्पेच्या पाठीवर थापा मारू लागले.

“काय चालवलीस रे!”

“मी नुसता पंप मारत होतो,” येप्पे ओरडला. “चालवली हिनं!”

लोक वळले. एका म्हातारीनं हातातला रुमाल हलवला. त्युराचं तिकडे लक्षच नव्हतं. ती वळणाकडे बघत होती. तिथं आता लाट आली होती.

“हस की गं,” येप्पे म्हणाला. “चौदा बाप्यांना मागं टाकलंस.”

“वळणावर मी घाबरले. पाय उचलला.”

“कुणी पाहिलं नाही ते.”

“मी पाहिलं ना.”

त्या हिवाळ्यात येप्पेचं इंगरशी लग्न ठरलं. स्वीडनमध्ये गोठलेल्या तळ्यावर शर्यती होतात असं तिनं कुठूनतरी ऐकलं होतं.

“मी नाही येणार,” तो म्हणाला. “इंगर मला घरात घ्यायची नाही.”

“नको येऊस.” तिनं पंपाचा दांडा आपल्या डाव्या हाताशी आणून बसवला आणि एकटीच निघाली. बाप बंदरापर्यंत आला. बोट सुटताना त्यानं स्वतःचे लोकरी हातमोजे वर फेकले.

तीन आठवड्यांनी घरी तार आली. “एकोणीस गाड्यांत सातवी. गाडी ठीक. आता फिनलंडला जाते.”