धूसर करायचं राहून गेलेलं छायाचित्र

धाकट्याच्या उपग्रहाने सीमेचं पहिलं छायाचित्र पाठवलं, आणि थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं.

शेजारी देशाशी बोलणी करता करता थोरल्याचे परराष्ट्र खात्यात केस पिकले होते. सैन्य हलवायचं तर एकमेकांना आधी कळवायचं, एवढाच काय तो करार. पण तिकडचे लष्करप्रमुख दर वेळी चहा पिऊन उठून जात. आता मात्र उपग्रहाची बातमी ऐकून स्वारी आपणहून आली, आणि म्हणते काय, तर उपग्रहवाल्यांना बोलवा! आई तर शेजारणींना केव्हापासून सांगायची, "धाकटा आकाशात यान सोडतो. थोरला ना? तो मीटिंगांना जातो."

बैठकीत धाकट्याने पडद्यावर छायाचित्र लावलं आणि थोरला चमकला. परक्यांना दाखवायचं ते आधी मुद्दाम धूसर करायचं, हा धाकट्याच्या खात्याचा पक्का नियम. आपल्याला किती बारीक दिसतं, हे बाहेर कळता कामा नये. गडबडीत धाकट्याने मूळचंच आणलं होतं. खिंडीतल्या पहारेकऱ्यांच्या सावल्याही दिसत होत्या. थोरला नुसता खाकरला असता तरी भागलं असतं. पण त्याने मिठाची गुळणी धरली. जाऊ दे याची नोकरी, एकदा तरी आईच्या लाडक्याची फजिती होऊ दे, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला चक्क बरं वाटलं.

लष्करप्रमुख पडद्याजवळ गेले. "ही तोफ तर आम्ही कालच हलवली," ते पुटपुटले आणि त्यांचा चेहरा उतरला. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, मग कळवायला कसली हरकत? जेवणाआधीच सही झाली.

व्हरांड्यात धाकट्याने थोरल्याचा हात धरला. "दादा, चूक लक्षात आली रे, पण तोवर छायाचित्र पडद्यावर लागलं होतं. तुझ्याकडे बघितलं, तर तू शांत! म्हटलं, दादा थांबवत नाही म्हणजे त्याने काहीतरी ठरवलेलं असणार. म्हणून तसंच राहू दिलं. मंत्रिसाहेबांनाही सांगून आलोय, हे सगळं डोकं दादाचं."

तेवढ्यात मंत्रीच बाहेर आले आणि थोरल्याची पाठ थोपटून "शाबास" म्हणाले. या एका शब्दासाठी त्याने नोकरीभर वाट पाहिली होती. शेजारी धाकटा आनंदाने टाळ्या वाजवत होता. त्याच्या मनात किंतुसुद्धा नव्हता. इतकं स्वच्छ मन यालाच का मिळावं, या विचाराने थोरला पूर्वी कधी जळला नव्हता इतका जळला.