फळ्या लागण्याआधीची हाक

"फळ्या लागतायत होऽऽ! बाहेर कोण राहिलंय?"

आबांची ही हाक त्यांची लेक चालायला लागण्याआधीपासून ऐकत आलेली. आबा बांधावर उभे राहत, तोंडाशी ओंजळ धरत, आणि हाक पाण्यावरून घसरत नदीकडच्या घरांपाशी जाई. मग एकेका घरातून उत्तर येई. कुणी "आलोऽ" म्हणे, कुणी पातेलं बडवी, नावाडणीची म्हातारी सासू नुसतीच एक शिवी हासडे. आबा ती शिवीही उत्तरात धरत. शेवटच्या घराचं उत्तर कानी पडल्याशिवाय त्यांनी कधी शेवटची फळी खाचेत सोडली नाही.

नदी इथे समुद्राला भेटण्याआधी बोटं पसरते. त्या बोटांच्या बेचक्यात, पाण्याहूनही खाली वस्ती वसलेली. भोवती बांध, बांधाला रस्त्यापुरती एक खिंड. पाणी चढलं की खिंडीच्या दोन्ही भिंतींतल्या खाचांत जाड फळ्या एकावर एक बसवायच्या, की वस्ती सुरक्षित. पण बांधाबाहेर नदीकडेही काही घरं होती. त्यांनी त्याआधी आत यायचं. आबांचं घर त्यातलंच.

दोन वर्षांपूर्वी आबांनी एकाएकी "गुडघे बोलायला लागलेत," म्हणत फळ्या उचलायची आकडी लेकीच्या हातात दिली. तेव्हापासून बोलणंच आटलं. तिने काही विचारावं, त्यांनी भलतंच उत्तर द्यावं, नाहीतर हं करून खिडकीकडे बघावं. लेक आपल्या जागी उभी राहिलेली त्यांना सोसत नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. ते ठरवणं रोज थोडं थोडं टोचायचं.

आज आभाळ कोरडं ठाक होतं. पण वरच्या अंगाला पाऊस कोसळला होता, आणि खालून उधाणाची भरती येत होती. दोन्ही पाणी दुपारी इथेच एकमेकांना भिडणार. तिने हाक घातली. घरं उत्तरं देत, शेळ्या ओढत, गाठोडी सावरत आत आली. माणूस असूनही एक घर गप्प राहिलं, आबांचं.

तिने पुन्हा हाक घातली. घसा फाटेस्तोवर.

"वहिनी, म्हातारा रुसलाय," खालच्या फळ्या खाचेत बसवत तिचा धाकटा दीर म्हणाला. "रुसलेल्या जावयासारखी मनधरणी करायची वेळ आहे का ही?"

"भाऊजी, कमरेपर्यंत लावा आणि थांबा."

"आणि पाणी कमरेला आलं तर?"

"तर वरच्याही लावा."

"तुम्ही दोघं बाहेर असताना?"

"आत सगळी वस्ती आहे. लावा म्हटलं ना." एवढं बोलून ती फळ्या ओलांडून धावत सुटली, कारण थांबली असती तर शब्द परत घेतला असता.

पायवाटेवर पाणी आलंच होतं. दार उघडं होतं. "आबा, अहो किती छळाल?" ती उंबऱ्यातूनच कडाडली. आबा खिडकीशी खाटेवर पाठमोरे बसले होते. हलले नाहीत. आणि मग तिला दिसलं, पायांत बूट होते. मांडीवर बांधलेलं गाठोडं होतं. रुसलेला माणूस बूट घालून बसत नाही.

तिने त्यांच्या नजरेमागे नजर नेली. समोर शेजारणीच्या अंगणात दोरीवर निळी चादर वाळत होती. शेजारीण कालच लेकीच्या बाळंतपणाला धावली होती, चादर तशीच टाकून.

तिची सावली पडली तेव्हा आबा दचकले. "आलीस? हाक झाली?"

"मघाशीच."

"पण हाक झाली की ती आधी चादर काढते, आणि चादर तर अजून..." आबा बोलता बोलता थांबले.

तिने त्यांचा हात धरला आणि निघाली. पाणी आधी पोटऱ्यांना, मग मांड्यांना लागलं. खिंडीशी दीर वरची फळी आकडीला अडकवून उभा होता, तोंड पांढरंफटक. आबांनी फळ्यांवर तळवा टेकला आणि एका झटक्यात पाय टाकून आत आले. मागून ती आली. मग तिने स्वतः एकेक फळी खाचेत सोडली. पाणी पलीकडून फळ्यांना येऊन भिडलं आणि तिथेच राहिलं.

दीर गाठोडं घेऊन पुढे गेला. बांधाच्या पायरीवर दोघंच उरली, निथळत.

"गुडघे तर ठणठणीत आहेत तुमचे," ती म्हणाली. आबा नदीकडे बघत होते. मग ती त्यांच्या समोर येऊन बसली आणि तेच पुन्हा म्हणाली, सावकाश, ओठ नीट हलवत.

आबा तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"गुडघ्यांना काय झालंय," ते म्हणाले. "कान गेलेत गं माझे. त्या शेवटच्या पुरात हाक घातली, आणि कोण आलं, कोण राहिलं, काही कळेना. नुसते ओठ हलताना दिसले लोकांचे. अंदाजाने फळी सोडायला हात धजला नाही, पोरी. म्हणून तुला दिली. तुझी हाक कशी लागते, ते मी एकदाही ऐकलेलं नाही."