केळीच्या गोणीतला खिळा

चिकटलं.

धुळ्याच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत मेघाने काचेच्या नळीला बाहेरून चुंबक लावला आणि आतली काळी पूड टुणकन काचेला बिलगली. केळीचं खोड वाळवून, बंद भट्टीत तापवून केलेलं ग्राफीन. कार्बनचे पापुद्रे, बस. चुंबकाला लागणारी, परदेशातून येणारी दुर्मिळ मूलद्रव्यं नाहीत, लोखंडसुद्धा नाही.

"पेपर पाठव," सोबतचा हितेंद्र म्हणाला. "आणि पेढे आण. साखर कमी असलेले नकोत."

फार चिकटलं.

तेच मेघाला खुपलं. कार्बनमध्ये चुंबकत्व आलंच तर चोरपावलांनी येतं. हे उडी मारून आलं होतं. घरून आणलेल्या खोडांची उरलेली गोणी तिने फरशीवर उपडी केली.

टण्ण.

गंजका खिळा. भोवतीचं खोड शाईसारखं काळं. ओल्या खोडाच्या चिकाने लोखंड खाल्लं होतं, आणि ते पुडीत मुरलं होतं.

पण गोणीत खिळा का?

रविवारी एरंडोलजवळच्या घरी तिने खिळा आईपुढे ठेवला.

"मीच टाका गोनीमा," पुष्पाबाई म्हणाल्या. "तुना कामले कोनी नजर लागाले नको म्हनीसन. तू न्हानी व्हती तवय तुना उशालेबी हाऊच व्हता."

"माय, त्या खियानी बठ्ठं खोटं करी टाकं!"

पुष्पाबाईंनी खिळा मेघाकडे परत सरकवला. मग म्हणाल्या, "मंग आते?"

"आते परत."

परत.

नवं खोड बांबूच्या कांबीने चिरलं. विळ्याकडे आईचा हात गेला की मेघा डोळे वटारायची.

"आनि नजरनं काय?"

"मीठमिरच्या मन्हावरथीन उतार. गोनीले हात नको लाऊ."

नाही चिकटलं.

नवी पूड चुंबकाजवळ ढिम्म बसून राहिली.

"गेला पेपर," हितेंद्र पुटपुटला.

मेघाने आधी लोखंड तपासलं. सापडलं नाही. मग नमुना मोठ्या यंत्रात घातला, अगदी बारीक चुंबकत्व पकडणाऱ्या. पडद्यावर रेषा चढली, उतरली; पण उतरताना चढतीच्या वाटेने आली नाही. दोन्ही वाटांमध्ये केसाएवढी फट राहिली. चुंबक काढल्यावरही पुडीने थोडं चुंबकत्व धरून ठेवलं होतं.

"एवढंसं?" हितेंद्रने विचारलं.

"एवढंसं. पण पुडीचं स्वतःचं."

आईचा खिळा मेघाने प्रयोगशाळेच्या दाराबाहेर, चौकटीत ठोकला. आत आली, हात धुतले आणि पुढच्या नमुन्याचं खोड चिरायला बांबूची कांब उचलली.